लिस्बन

लिस्बन (पोर्तुगीज उच्चार लिझ्बोआ) : पोर्तुगालची राजधानी, देशातील सर्वांत मोठे शहर व प्रमुख बंदर. नगरक्षेत्र सु. १०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ५.४५ लाख (२०२१), महानगर प्रदेशाची २८ लाखांहून अधिक. मुख्यभूमी युरोपातील राजधान्यांत ही सर्वांत पश्चिमेकडील होय. टेगस नदी अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी खाडीसारखी पसरते आणि मुखाजवळ पुन्हा अरुंद होते. या पात्राच्या उत्तर काठावर, टेकड्यांच्या उतारांवर शहर वसले आहे. या टेकड्या परंपरेने सात मानतात. हवामान भूमध्य सागरी प्रकारचे असून उन्हाळा कोरडा जातो व पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो.

लिस्बन पाहताना एक तारीख ध्यानात ठेवावी लागते : १ नोव्हेंबर १७५५. त्या सकाळच्या भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि काही दिवस धुमसलेल्या आगीने मध्यवर्ती शहर नष्ट केले. म्हणून येथील कोणत्याही जुन्या वास्तूविषयी पहिला प्रश्न ती भूकंपाच्या अलीकडची की पलीकडची, हाच असतो. वाचलेले मध्ययुगीन शहर किल्ल्याच्या टेकडीवर आहे, सोळाव्या शतकातील दर्यावर्दी वैभव पश्चिमेला बेलेम येथे, भूकंपोत्तर आखीव शहर मधल्या सखल भागात आणि विसाव्या शतकाच्या अखेरचे नवे शहर पूर्वेला. नदीकाठाने गेल्यास हे चारही थर ओळीने पाहता येतात.

इतिहास : रोमन काळात या गावाचे नाव ओलिसिपो होते. पहिल्या शतकातील रोमन रंगमंदिराचे अवशेष १७९८ मध्ये कॅथीड्रलजवळ उजेडात आले. आठव्या शतकापासून येथे मूरांची सत्ता होती. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो एन्रिकेश याने पॅलेस्टाइनकडे निघालेल्या क्रूसेडच्या योद्ध्यांची मदत घेऊन शहर जिंकले. १२५५ च्या सुमारास तिसऱ्या अफोंसोने राजधानी कोइंब्राहून येथे हलवली. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा बेलेमच्या काठावरून भारताकडे निघाला आणि १४९९ मध्ये परतला. त्यानंतरच्या शतकात मिरी, दालचिनी, रेशीम व चिनी मातीची भांडी यांच्या व्यापाराने लिस्बन युरोपातील श्रीमंत बंदरांत गणले जाऊ लागले. राजा मॅन्युएल याने टेकडीवरचा किल्ला सोडून थेट नदीकाठी राजवाडा बांधला. भारताच्या व्यापाराचे हिशेब ठेवणारी ‘कासा दा इंदिया’ ही कचेरीही तेथेच होती. १ फेब्रुवारी १९०८ रोजी याच काठावरच्या चौकात राजा कार्लुश व युवराज यांची हत्या झाली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी नगरभवनाच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. २५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने दीर्घकाळची हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुले खोचली, त्यामुळे हा उठाव फुलांच्या नावानेच ओळखला जातो.

किल्ला आणि अल्फामा : साव जॉर्ज किल्ल्याची टेकडी हा शहराचा सर्वांत जुना भाग. तटबंदीचा पाया मूरांच्या काळातला असला, तरी आज दिसणाऱ्या बुरुजांचे रूप बरेचसे १९३८–४० च्या डागडुजीचे आहे. किल्ल्यावरून नदी, तिच्यावरील पूल आणि खालचे लाल कौलांचे शहर एका नजरेत येते. दक्षिण उतारावरची अल्फामा ही वस्ती कठीण खडकावर असल्याने भूकंपातून बरीचशी वाचली. तिच्या गल्ल्या मूरांच्या काळातल्या वळणाच्या, अरुंद, मध्येच पायऱ्यांत उतरणाऱ्या आहेत. दोरीवर वाळणारे कपडे, दाराशी शेगडीवर भाजले जाणारे सार्डिन मासे आणि लहान खानावळींतून रात्री ऐकू येणारे फादू हे विरहगीत, ही अल्फामाची ओळख. फादूचा समावेश २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. त्याचे संग्रहालय अल्फामाच्या पायथ्याशी आहे.

जुन्या मशिदीच्या जागी ११४७ पासून बांधले गेलेले कॅथीड्रल दोन जाड, चौकोनी बुरुजांमुळे गढीसारखे दिसते. त्याच्या आवारातील उत्खननात रोमन व इस्लामी काळांचे थर एकावर एक सापडले आहेत. थोड्या अंतरावर सांता एंग्रासियाचे चर्च आहे. त्याचे काम १६८२ मध्ये सुरू होऊन घुमट १९६६ मध्ये पुरा झाला. साहजिकच रखडलेल्या कामाला पोर्तुगीज लोक ‘सांता एंग्रासियाचे बांधकाम’ म्हणतात. आज ते राष्ट्रीय स्मारक असून फादू गायिका अमालिया रोद्रिगेश हिची समाधी तेथे आहे. सांता लुझिया येथील सज्जात निळ्या टाइलांचे दोन मोठे चित्रफलक आहेत : एक ११४७ च्या वेढ्याचा, दुसरा भूकंपापूर्वीच्या नदीकाठच्या चौकाचा.

नदीच्या दिशेने खाली उतरल्यावर ‘कासा दुश बिकुश’ हे घर लागते. त्याचा दर्शनी भाग हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या टोकदार दगडांनी मढवला आहे. गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कच्या मुलाने, ब्रास याने, ते १५२३ मध्ये बांधले. भूकंपात वरचे दोन मजले गेले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवण्यात आले. खालचे जुने आणि वरचे नवे काम वेगळे ओळखू येते. आता तेथे नोबेल विजेते कादंबरीकार जुझे सारामागु यांच्या नावाची संस्था आहे.

बेलेम : केंद्रापासून सु. ६ किमी. पश्चिमेला असलेल्या बेलेमला भूकंपाची झळ कमी बसली. त्या दिवशी राजघराणे येथेच होते, म्हणून बचावले. जेरोनिमुश मठ ही येथील मुख्य वास्तू. आशिया व आफ्रिकेतून येणाऱ्या मालावरील सु. पाच टक्के कराच्या पैशातून मॅन्युएल राजाने तो १५०१ नंतर बांधायला घेतला, काम सु. शतकभर चालले. आधी बुयताका व नंतर जुआंव द कास्तिल्यू हे त्याचे प्रमुख वास्तुकार. उत्तर गॉथिक बांधणीवर दोरखंड, गाठी, प्रवाळ, नौकाशास्त्रातील गोलयंत्र आणि दूरदेशीची पाने-फुले कोरण्याची ही पद्धत राजाच्या नावावरून ‘मॅन्युएलाइन’ म्हणून ओळखली जाते. उंच, सडपातळ खांबांवर तोललेले चर्चचे छत आणि दुमजली अंगण हे तिचे उत्तम नमुने होत. मठासाठी वापरलेला स्थानिक लियोश चुनखडक ताज्या अवस्थेत पांढुरका असतो, काळाने मधाळ होतो. संध्याकाळच्या उन्हात हा मठ म्हणूनच अधिक उठावदार दिसतो. जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस असिसी चर्चचा दरवाजा पाहिलेल्याला ही शैली परकी वाटणार नाही, तो दरवाजाही मॅन्युएलाइनच आहे.

चर्चच्या प्रवेशाशी समोरासमोर वास्को द गामा व कवी लुईश द कामोंइश यांच्या समाध्या आहेत. वास्को १५२४ मध्ये कोचीन येथे मरण पावला. त्याचे अवशेष आधी पोर्तुगालमधील विदिगेइरा येथे नेण्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आणले गेले, म्हणजे समाधी मठापेक्षा बरीच अलीकडची आहे. १२ जून १९८५ रोजी पोर्तुगालने युरोपीय समुदायात प्रवेशाचा करार याच मठात केला आणि १३ डिसेंबर २००७ रोजी युरोपीय संघाचा ‘लिस्बन करार’ही येथेच झाला.

नदीच्या कडेवरचा बेलेमचा बुरूज फ्रान्सिस्कू द अरुदा याने १५१४ नंतरच्या काही वर्षांत उभारला. बंदराचे रक्षण हा त्याचा हेतू. पण पाकळीदार घुमट्या, कोरीव सज्जे व दगडी दोरखंड यांमुळे तो शोभेची वास्तू वाटतो. त्याच्या एका कोपऱ्याखाली गेंड्याचे झिजलेले शिल्प आहे. त्यामागची कथा भारतातली आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने अल्बुकर्कला गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून राजाकडे धाडला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली, तेव्हा हत्तीच पळाला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना जहाज बुडून गेंडा मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने मात्र त्याला न पाहताच, केवळ वर्णन व रेखाटनावरून, प्रसिद्ध लाकूडठसा कोरला. मठ व बुरूज १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

बेलेममधील सारेच जुने नाही. नदीकडे झेपावणाऱ्या जहाजाच्या आकाराचे ‘शोधयात्रांचे स्मारक’ मूळ १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभे केले होते. सध्याचे ५२ मी. उंचीचे दगडी स्मारक १९६० चे आहे. शोधयात्रांना चालना देणाऱ्या हेन्री राजपुत्रामागे उभ्या असलेल्या पुतळ्यांत वास्को व अल्बुकर्क यांच्याबरोबर सेंट फ्रान्सिस झेवियरही आहे. साम्राज्याचा गौरव करणारी हुकूमशाहीच्या काळातील ही कलाकृती आहे, हे लक्षात ठेवून ती पाहावी. जवळच विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील सांस्कृतिक केंद्र, ब्राझीलचे वास्तुकार पाउलू मेंदेश दा रोशा यांनी उभारलेले राजरथांचे नवे संग्रहालय (२०१५) आणि ब्रिटिश वास्तुकार अमांडा लेव्हेट यांचे कला-वास्तू-तंत्रज्ञान संग्रहालय (२०१६) आहे. हे तिसरे लाटेसारखे वळलेले असून त्यावर सु. १५ हजार पांढऱ्या टाइला बसवल्या आहेत. त्याच्या छतावर चालत जाता येते. शेजारच्या विटांच्या जुन्या वीजकेंद्राशी त्याचा विरोध मुद्दाम राखलेला आहे. बेलेमच्या १८३७ पासूनच्या मिठाईच्या दुकानात अंड्याच्या बलकाची भाजलेली पुरी मिळते. तिथली रांग मठाच्या रांगेइतकीच लांब असते.

भूकंप आणि बाइशा : १७५५ चा भूकंप सर्वसंतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये असताना, सकाळी साडेनऊनंतर झाला. वेदींवरच्या मेणबत्त्या आणि घरांतल्या चुली यांनी आग पसरली. मृतांचे अंदाज काही हजारांपासून ६० हजारांपर्यंत जातात. नदीकाठचा राजवाडा, त्यातील ग्रंथालय आणि त्याच वर्षी उघडलेले भव्य नाट्यगृह गेले. किल्ल्यातल्या ‘तोरे दु तोंबू’ या बुरुजातील राज्याचे दप्तर बुरूज कोसळूनही ढिगाऱ्यातून वाचवण्यात आले. यानंतर राजा जुझे दगडी घरात राहायला धजेना. आजुदाच्या टेकडीवर लाकडी राजवाडा बांधून तो तेथे राहिला. ती वास्तू १७९४ मध्ये जळाल्यावर त्या जागी सुरू झालेल्या दगडी राजवाड्याची पश्चिम बाजू दोन शतके अर्धवट होती. २०२२ मध्ये तेथे राजखजिन्याचे आधुनिक संग्रहालय बांधून ती पुरी करण्यात आली.

पुनर्बांधणीची सूत्रे मंत्री सेबास्तियांव जुझे द कारव्हाल्यू, म्हणजे पुढचा मार्क्वेस द पोंबाल, याच्या हाती होती. अभियंता मॅन्युएल दा माइया याच्या देखरेखीखाली एउजेनियू दुश सांतुश व कार्लुश मार्देल यांनी सखल भागाची, म्हणजे बाइशाची, नवी आखणी केली. जुन्या गल्ल्या पुसून काटकोनात छेदणारे सरळ रस्ते काढले आणि त्यांना सोनार, चांदीकाम करणारे, चांभार अशा धंद्यांची नावे दिली. इमारतींची उंची, दारे, खिडक्या, कठडे सारे एका मापाचे ठरवले, म्हणजे भाग आधी घडवून जागेवर बसवता यावेत. भिंतींच्या आत तिरप्या दांड्यांनी जखडलेला लाकडी सांगाडा घातला. त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. भूकंपात दगडकाम ढळले तरी सांगाड्याने घर तोलून धरावे, ही कल्पना. दोन घरांमधील भिंत छताच्या वर काढली, ती आग अडवण्यासाठी. भूकंपाचा विचार करून आखलेल्या युरोपातील पहिल्या शहरभागांत बाइशाची गणना होते. तिच्या एकसारख्या, साध्या दर्शनी भागांत शोभा कमी दिसेल. खरे कसब भिंतींच्या आत आहे. ते जाणून पाहिल्यास हे रस्ते राजवाड्यांइतकेच मोलाचे वाटतात.

बाइशाच्या नदीकडच्या टोकाला जुन्या राजवाड्याच्या जागी व्यापार चौक आहे : तीन बाजूंना कमानींच्या पिवळ्या इमारती, चौथ्या बाजूला नदी, मध्ये जुझे राजाचा अश्वारूढ पुतळा (१७७५). लोक अजून त्याला ‘राजवाड्याचे मैदान’च म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पूर्ण झालेल्या विजय-कमानीवर वास्को व पोंबाल दोघांचेही पुतळे आहेत. दुसऱ्या टोकाच्या रोसियू चौकात काळ्या-पांढऱ्या दगडी चिपांची लाटांच्या नक्षीची फरसबंदी आहे. तेथील राष्ट्रीय नाट्यगृह (१८४६) धर्मन्यायपीठाच्या म्हणजे इन्क्विझिशनच्या वाड्याच्या जागी उभे आहे. शेजारचे साव दोमिंगुश चर्च १९५९ मध्ये आतून जळाले. करपलेले, तडकलेले खांब तसेच ठेवून त्यावर साधे छत घातले आहे. चर्चबाहेर १५०६ मधील ज्यूंच्या हत्याकांडाचे स्मारक आहे.

शियादू आणि बाइरू आल्तू : बाइशाच्या पश्चिमेची टेकडी चढण्यासाठी सांता जुस्ता हा ४५ मी. उंचीचा लोखंडी उद्वाहक १९०२ मध्ये उभारला गेला. तो कार्मू मठाशी पोहोचवतो. १३८९ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या चर्चचे छत भूकंपात कोसळले. पुन्हा छत न घालता उघड्या गॉथिक कमानी तशाच राखल्या असून आत पुरातत्त्व संग्रहालय आहे. शियादू हा पुस्तकांच्या दुकानांचा, कॉफीगृहांचा आणि कवी फेर्नांदु पेसोआ याचा परिसर. १७३२ पासूनचे बर्त्रांद हे पुस्तकांचे दुकान येथेच आहे. २५ ऑगस्ट १९८८ च्या आगीत या भागाचा गाभा जळाला. आल्व्हारू सिझा या वास्तुकाराने जुने दर्शनी भाग राखून आतून नव्याने बांधणी केली. बाइरू आल्तूच्या कडेचे साव रोक हे जेझुइटांचे चर्च बाहेरून अगदी साधे आहे. आत मात्र पाचव्या जुआंव राजाने रोममध्ये घडवून, सुटे करून जहाजाने आणवलेले लाजवर्दी दगडाचे देवघर, आणि १५४१ मध्ये लिस्बनहून गोव्याकडे निघालेल्या झेवियरच्या जीवनावरील चित्रमाला आहे.

शहरातील टेकड्यांवर चढणाऱ्या दोरखेच गाड्या १८८४ पासूनच्या. त्यांपैकी ग्लोरिया मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी घसरून १६ जण मरण पावले. अल्फामा व शियादू जोडणारी २८ क्रमांकाची पिवळी ट्राम प्रवाशांत विशेष लोकप्रिय आहे. मात्र ती रहिवाशांचीही रोजची गाडी असल्याने गर्दी व खिसेकापू दोन्ही गृहीत धरावे.

भूकंपातून वाचलेल्या वास्तूंत आणखी एक म्हणजे अठराव्या शतकातील ‘आग्वाश लिव्ह्रेश’ ही जलवाहिनी. अल्कांतारा दरीवरील तिच्या ३५ कमानींपैकी सर्वांत उंच कमान सु. ६५ मी. आहे.

नवे लिस्बन : १९६६ मध्ये खुल्या झालेल्या २,२७७ मी. लांबीच्या झुलत्या पुलाला आधी हुकूमशहा सालाझारचे नाव होते. १९७४ नंतर त्याला ‘२५ एप्रिल’ हे नाव मिळाले. पूर्वेकडचा वास्को द गामा पूल जोडरस्त्यांसह सु. १७ किमी. लांब असून तो १९९८ मध्ये, वास्कोच्या भारतप्रवासाच्या पाचशेव्या वर्षाच्या निमित्ताने भरलेल्या जागतिक प्रदर्शनाआधी, खुला झाला. प्रदर्शनासाठी तेलशुद्धीकरण कारखाना, गोदामे व खाटिकखाना यांची पडीक जमीन निवडली होती. प्रदर्शन संपल्यावर तिचा ‘पार्क दश नसोंइश’ हा राहता भाग झाला. सांतियागो कालात्रावाचे पोलाद व काचेच्या झाडांचे ओरिएंते स्थानक, सिझाच्या पोर्तुगाल मंडपावर दोन टोकांच्या आधारे झोळीसारखे लोंबते काँक्रीटचे पातळ छत, आणि ५० लाख लिटर पाण्याच्या मध्यवर्ती टाकीचे मत्स्यालय ही येथील प्रेक्षणीय स्थळे. शहरात अन्यत्र गुलबेंकियान संस्थेच्या संग्रहालयाची १९६९ ची ठेंगणी काँक्रीट वास्तू व तिची बाग आवर्जून पाहावी. तेथील आधुनिक कला केंद्र जपानी वास्तुकार केंगो कुमा यांच्या आराखड्यानुसार २०२४ मध्ये नव्या रूपात खुले झाले. दिल्लीचे वास्तुकार राज रेवाल यांनी रचलेले इस्माइली केंद्र (१९९८) दगडी जाळ्या व अंगणांतून भारतीय आणि आयबेरियन परंपरा एकत्र आणते.

टाइल म्हणजे ‘अझुलेजू’ हा या सगळ्यांना जोडणारा धागा : चर्च, घरे, १९५९ पासूनची मेट्रो स्थानके, सर्वत्र ती आढळते. १५०९ मध्ये स्थापन झालेल्या माद्रे द देउश मठातील राष्ट्रीय टाइल संग्रहालयात सु. १७०० मधील, सु. २३ मी. लांबीचे नदीकाठच्या शहराचे चित्र आहे. भूकंपात गेलेले लिस्बन पाहण्याचे ते सर्वांत चांगले साधन.

गोवा व मराठी अभ्यासकांशी संबंध : गोवा पाहिलेल्याने लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांत होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर आणि १९७४ नंतर मोझांबिक सोडून अनेक गोमंतकीय व गुजराती कुटुंबे येथे स्थायिक झाली. समोसा ‘शामुसा’ या नावाने येथील साध्या उपाहारगृहांत सर्रास मिळतो. मडगावशी नाते असलेल्या कुटुंबातील आंतोनियू कोश्ता २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर व पुढे २०२४ पर्यंत देशाचे पंतप्रधान होते. अल्कांतारा येथील मासळीच्या जुन्या गोदामात २००८ मध्ये सुरू झालेले पौर्वात्य संग्रहालय आणि प्राचीन कला संग्रहालयातील भारतीय-पोर्तुगीज हस्तिदंती व लाकडी वस्तू भारतीय प्रवाशांनी चुकवू नयेत. मराठे-पोर्तुगीज संबंधांची साधने पणजीच्या पुराभिलेखागाराइतकीच लिस्बनमध्येही आहेत. विद्यापीठ परिसरातील १९९० च्या इमारतीत हलवलेल्या तोरे दु तोंबू दप्तरात गोव्याहून दरवर्षी जाणाऱ्या पत्रव्यवहाराचे, ‘मान्सून ग्रंथां’चे, अनेक खंड आहेत आणि सागरपार इतिहास अभिलेखागारात भारतविषयक कागदांच्या पेट्या. वसईच्या उत्तर प्रांताचा व शिवकालीन तहांचा अभ्यास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

पाहण्याचा क्रम : एप्रिल ते जून व सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला. १२ जूनच्या रात्री शहराच्या लाडक्या संत अँथनीच्या सणानिमित्त अल्फामात मोठी जत्रा असते. बहुतेक सरकारी संग्रहालये व जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतात. पहिल्या दिवशी किल्ला, अल्फामा व बाइशा, दुसऱ्या दिवशी बेलेम, तिसऱ्या दिवशी टाइल संग्रहालय करून पार्क दश नसोंइश, असा क्रम ठेवल्यास शहर बहुतांशी कालानुक्रमे उलगडते. अपवाद एवढाच, की भूकंपापूर्वीचे बेलेम भूकंपोत्तर बाइशानंतर येते. विमानतळ शहराला लागूनच असून मेट्रोने जोडलेला आहे. चढ तीव्र आहेत आणि गुळगुळीत दगडी पदपथ पावसात निसरडे होतात, त्यामुळे रबरी तळाचे बूट घालावेत. जागतिक वारसा दर्जाचे सिंत्रा हे राजवाड्यांचे गाव सु. २५ किमी.वर असून रोसियू स्थानकातून तेथे थेट रेल्वे आहे.